किल्ल्यांचा एकच कारभारी

नारायणगांवाच्या पूर्वेस खोडद येथें जी महाकाय रेडिओ-दुर्बीण उभी आहे, तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकीं १४ मध्यभागीं असून उरलेल्या १६ तीन बाहूंवर दूरवर विखुरलेल्या आहेत. तथापि त्यांना हुकूम मिळतो तो एकाच नियंत्रणकक्षांतून. प्रत्येक तबकडी आपल्या मनानें वळूं लागली, तर आकाशाचें सुसंगत चित्र मिळणार नाहीं.

अशा विद्येचा अभ्यासक लिनक्स संगणकापुढें बसला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मांडणींत ही शिस्त असतेच असें नाहीं. त्याला एका यंत्रावरून दूरच्या दुसऱ्या यंत्रावर जावें लागतें. त्यासाठीं एसएसएच ही सुरक्षित वाट १९९५ सालीं फिनलंडमधील टाटू युलोनेन यांनीं निर्माण केली. या वाटेची खासगी किल्ली परवलीच्या वाक्यानें बंद असते. तें वाक्य वारंवार लिहावें लागूं नये म्हणून एजंट नांवाचा कारभारी उघडलेली किल्ली संगणकाच्या स्मृतींत सांभाळतो.

घोटाळा होतो तो येथेंच. कोठून तरी मिळालेल्या चार ओळी शेलच्या आरंभींच्या फाइलींत उतरविल्या जातात. मग प्रत्येक नवी खिडकी नवा एजंट नेमते. जुने किल्ल्यांसह तसेच मागें राहतात, आणि नव्यापाशीं किल्ली नसल्यानें परवलीचें वाक्य पुन्हां विचारलें जातें. कंटाळून मनुष्य तें वाक्यच काढून टाकतो. त्यानंतर ज्याच्या हातीं ती फाइल, त्याच्या हातीं सर्व यंत्रें!

उपाय वजाबाकीचा आहे. त्या ओळी खोडाव्या. कित्येक डेस्कटॉप स्वतःच एजंट चालवितात. तो असल्यास दुसरा नेमूं नये. नसल्यास लॉगिनच्या वेळीं एकच एजंट सुरू करण्याचें काम सिस्टमडीकडे सोंपवावें, त्याच्या सॉकेटाची जागा ठराविक ठेवावी, व शेलच्या फाइलींत ती जागा सांगणारी एक ओळ उरूं द्यावी. कांहीं तासांनीं किल्ली विसरण्याची आज्ञाही एजंटाला देतां येते.

एक पथ्य मात्र पाळावें. मधल्या यंत्रापर्यंत एजंटाचा दुवा पोहोंचविल्यास, तो चालू असेपर्यंत तेथील सर्वाधिकारी त्या किल्लीच्या बळावर अन्यत्र शिरूं शकतो. त्याऐवजीं ओपनएसएसएचमध्यें २०१६ पासून असलेली ‘प्रॉक्सीजंप’ ही सोय वापरावी. मधलें यंत्र केवळ वाट देतें, आणि किल्लीचा कारभार घरींच राहतो.

मांडणी लहान झाली कीं ती वाचतां येते. आणि वाचतां आली, म्हणजे तींतील चूकही वेळींच दिसते.