गुडघा, डॉक्टर आणि कंपनी
(मंडळाच्या सभेतील छोटे भाषण)



मी डॉक्टर नाही, रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. आईचा गुडघा बदलायचे ठरले, तेव्हा या विषयात शिरलो.

स्लीपर पुरवणारा ठेकेदारच तपासणाऱ्याचा पगार देऊ लागला, तर त्या मालावर भरवसा कसा ठेवायचा? हाडांच्या वैद्यकात मात्र कृत्रिम सांधे बनवणाऱ्या कंपन्या संशोधनाला, परिषदांना, प्रशिक्षणाला पैसा देतात. तो सगळाच वाईट नाही. सर्जनच्या सल्ल्याशिवाय चांगला सांधा घडत नाही. वाईट आहे ते लपवणे.

अमेरिकेत २००७ साली झिमर, डेप्यू, बायोमेट आणि स्मिथ अँड नेफ्यू यांनी सरकारशी तडजोड करून ३१.१ कोटी डॉलर भरले. आपलेच सांधे वापरावेत म्हणून सर्जनांना सल्लागार-फीच्या नावाने पैसे दिल्याचा आरोप होता. पुढे सल्लागारांची नावे व रकमा त्यांना जाहीर कराव्या लागल्या.

मीही धीर करून आईच्या डॉक्टरांना विचारले, "हाच सांधा का? या कंपनीशी आपला काही संबंध?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "एकदा त्यांच्या खर्चाने प्रशिक्षणाला गेलो होतो." मग दुसरे दोन पर्यायही समजावले. माझा विश्वास वाढलाच.

आपणही विचारा. नम्रपणे, पण विचारा.

गणपती बाप्पा मोरया!