अर्जाची किल्ली



शिष्यवृत्तीचे अर्ज पूर्वी सायक्लोस्टाईल करून वाटले जात. आज आपण ते गूगल फॉर्म्सवर तयार करून व्हॉट्सॲपवर पाठवितो. सोय मोठी आहे; परंतु एका फॉर्मच्या लिंक दोन असतात. भरण्याच्या लिंकच्या शेवटी 'व्ह्यूफॉर्म' असते, दुरुस्तीच्या लिंकच्या शेवटी 'एडिट'. ही दुसरी म्हणजे कपाटाची किल्लीच! दुरुस्तीची मुभा 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी ठेवली असेल, तर ती ज्याच्या हाती पडेल तो प्रश्न बदलू शकतो आणि आलेली सर्व उत्तरेही वाचू शकतो.

ही चूक माझ्याच हातून घडली आहे. फॉर्म दुरुस्त करताना वरच्या पट्टीतील लिंक उचलून मी पालकांच्या ग्रुपवर टाकली. एका विधवा मातेचे उत्पन्न व मुलीचा मोबाईल क्रमांक दुपारपर्यंत उघडा राहिला. त्यांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्या काहीच बोलल्या नाहीत. चहा मात्र केला.

तेव्हा दुरुस्तीचा अधिकार दोघांनाच, नावानिशी द्यावा. लिंक आधी दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून पाहावी. आखूड केलेल्या लिंकमध्ये वरील शब्द दिसतही नाहीत. आणि विद्यार्थी मित्रांनो, असा उघडा अर्ज तुमच्या हाती आला, तर उत्तरे न वाचता सरांना लगेच कळवा.