शीड चढण्यापूर्वी



आपल्या अकलोलीची तानसा वैतरणेला मिळते आणि वैतरणा समुद्राला. तेव्हा होडीचा विषय आपल्याला परका नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहताना सारे जमतात. पण त्याआधी तळाचे शिंपले खरवडणारे, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासणारे, लाकडाला माशाचे तेल चोपडणारे, फाटके शीड शिवणारे हात कोण पाहतो? आज बहुतेक होड्यांना इंजिन आले. लाकडी होडीचा सांधा मात्र अजून माणूसच भरतो. तो कच्चा राहिला, तर जीव खलाशाचा जातो. मग किनाऱ्यावरचे हे दिवस मजुरीत का धरू नयेत? होडी सज्ज करणे हेही मासेमारीचेच काम आहे. त्याचा दाम होडी पाण्यात उतरण्यापूर्वी ठरला पाहिजे, एवढेच माझे सांगणे.