लेबलं तीनशे, मशीन कशाला?

आमच्या गटाला लोणच्याच्या बरण्यांसाठी महिन्याला ३०० रंगीत लेबलं लागतात. ऑफसेटवाले ५००० च्या खाली काम घेईनात. त्यांचंही बरोबर. चार रंगांच्या चार प्लेटा कराव्याच लागतात, लेबलं थोडी असोत की पुष्कळ. पण उद्या भाव बदलला की उरलेली लेबलं वाया. डिजिटलला प्लेट लागत नाही, म्हणून थोडं काम तिथं परवडतं.

मग डिजिटल मशीनच घ्यायचं ठरलं. कर्जाचा अर्जही भरला. सह्या करण्याआधी हिशेब मांडला. एका मोठ्या कागदावर आमची २० लेबलं बसतात, म्हणजे महिन्याला १५ कागद! तेवढ्यासाठी हप्ता, टोनर, ड्रम, दुरुस्ती? अर्ज फाडून टाकला. आता तालुक्याला जाऊन डिजिटलवर छापून आणतो.

तुमच्याकडे काम भरपूर असेल, तर मशीन जरूर बघा. पण किमतीआधी विचारा: एका रंगीत प्रतीला सगळा मिळून खर्च किती? स्टिकरचा कागद चालतो का? दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येतो? नमुन्यावर तेलाचं बोट फिरवून बघा. आणि सही मात्र हिशेबानंतरच करा, बायांनो.