हाताने शिकलेला धम्म
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)





आम्ही काही वक्ते नव्हे. शाळा सातवीपर्यंत झाली, बाकीचे शिक्षण सूतगिरणीत आणि या विहाराच्या वाचनालयात झाले. समितीने सांगितले, रविवारच्या कुटुंब वर्गाबद्दल चार शब्द बोला, म्हणून उभे आहोत.

बाबासाहेबांनी रविवारी विहारात जमण्याचा आग्रह धरला होता. आपण जमतो. पण खरे बोलायचे तर काय दिसत होते? म्हातारी माणसे समोर, बाया एका बाजूला, बापे चपलांजवळ मोबाईल घेऊन, आणि पोट्टे बाहेर रस्त्यावर. लेकरांना पंचशील तोंडपाठ. पण त्यातल्या ‘वेरमणी’चा अर्थ विचारला की एकमेकांच्या तोंडाकडे पाहायची. दूर राहणे, एवढाच त्याचा अर्थ. तो आम्ही कधी सांगितलाच नव्हता, तासतासभर भाषणे मात्र ठोकली. दोष लेकरांचा नव्हता.

म्हणून मागच्या वर्षावासात ठरवले, वंदनेनंतर एक तास सगळ्या घराने मिळून हाताने काहीतरी करायचे. खर्च नाही. जुन्या लग्नपत्रिका, पुठ्ठा, घरची कात्री, गव्हाच्या पिठाची खळ. गिरणीतले वाया गेलेले सूत आम्ही विचारून आणले.

पहिल्या रविवारी पंचरंगी धम्मध्वज केला. हा ध्वज १८८५ साली वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेत कोलंबोला पहिल्यांदा फडकला आणि पुढे जागतिक बौद्ध परिषदेने तो स्वीकारला, हे सांगितले. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पट्टे चिकटवायचे. पण आम्ही एक चूक केली. स्पर्धा ठेवली, बक्षीस ठेवले. झाले! आईबापांनी लेकरांच्या हातातल्या कात्र्या हिसकल्या. पहिला नंबर आला तो बापाच्या हाताचा होता, लेकरू बाजूला बसून होते. आणि ज्यांना लिहिता येत नाही अशा दोन-तीन माउल्या पुढच्या रविवारी आल्याच नाहीत. आम्ही घरी जाऊन माफी मागितली आणि त्यांना बोलावून आणले.

तेव्हापासून नियम केला. नंबर नाही, बक्षीस नाही. कात्री लेकराच्या हातात, कागद मोठ्याने धरायचा. अगदी लहान असेल तर त्याने फक्त रंगवायचे. लिहिणे शाळेतल्या पोरांचे, खळ लावणे आजीचे.

मग धम्मचक्र घेतले. ताटली ठेवून गोल कापायचा. गोल कागद एकावर एक तीनदा दुमडला की उघडल्यावर बरोबर आठ भाग होतात, मोजपट्टी लागत नाही. आठ भाग म्हणजे अष्टांग मार्ग. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी अकरावी प्रतिज्ञा याच मार्गाची आहे. एकेका भागावर सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, सम्यक वाचा असे लिहायचे आणि आपल्या घरात ते कुठे दिसते, ते एकमेकांना विचारायचे.

आमच्या नातीने ‘सम्यक वाचा’ लिहिले आणि विचारले, म्हणजे काय? आम्ही मोठ्या रुबाबात सांगितले की खोटे बोलू नये, कोणाला टोचून बोलू नये, शिवी देऊ नये. पोरगी म्हणाली, “मंग आबा, तुम्ही घरी शिव्या काऊन देता?”

सगळे विहार ऐकत होते. आमच्याजवळ उत्तर नव्हते. गिरणीत मशीनचा आवाज इतका, की ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही. ओरडता ओरडता शिवी तोंडात बसली आणि पाळी संपल्यावर आमच्यासोबत घरी आली. तीस वर्षे आम्ही धम्मावर बोललो, पण हे आम्हाला कोणी विचारले नव्हते. भाषण करणाऱ्याला कोण विचारतो? सोबत बसून खळ लावणाऱ्याला लेकरू विचारते. ते चक्र आमच्या घरी दारामागे लावले आहे. शिवी पूर्ण सुटली असे खोटे सांगणार नाही. पण आता तोंड उघडले की नात दाराकडे बोट करते.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणाली, विहार म्हणजे काय बालवाडी आहे? त्यांचा मान राखून सांगतो, वंदना एक मिनिटही कमी केली नाही. त्याच वंदनेत आपण दर रविवारी ‘एहिपस्सिको’ म्हणतो. या आणि स्वतः पाहा. नुसते ऐका, असे तथागतांनी सांगितले नाही.

ज्या विहारांना हे करायचे असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वंदनेनंतर माहिती पाच मिनिटे, त्याहून जास्त नाही. काम चाळीस मिनिटे. मग ज्याला वाटेल त्या घराने आपले काम दाखवून दोन शब्द बोलावे, जबरदस्ती नको. शेवटी झाडू सगळ्यांनी मारायचा, बापांनी आधी. आपल्या यवतमाळात वैशाखात ऊन फार, म्हणून तेव्हा सकाळी सातला बसावे. पावसाळ्यात निंदणाचे दिवस असतात, मजुरीला जाणाऱ्या बायांना विचारून वेळ ठरवावी. त्या आल्या नाहीत तर वर्ग कुटुंबाचा राहत नाही.

बापेहो, तुम्हाला शेवटची विनंती. चपलांजवळून उठा, आत या, कागद धरा. लेकरू काय विचारेल याची भीती वाटेल, आम्हालाही वाटली. पण ते विचारते आहे तोवरच आपल्याला संधी आहे.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!