मनमिळाऊ कोणाला म्हणावे?

मंडळी, आज एकच शब्द घेऊ. मनमिळाऊ. शेवटी 'ऊन' या शब्दातला मोठा ऊ. पुष्कळ जण तिथे 'वू' लिहितात. तो नको.

शब्दाची फोड सोपी आहे. मन आणि मिळणे. त्याला 'आऊ' लागला. टिकतो तो टिकाऊ. लढतो तो लढाऊ. जाळायचे ते जळाऊ लाकूड. तसेच, ज्याचे मन दुसऱ्याच्या मनाशी मिळते तो मनमिळाऊ. आणि ती? तीही मनमिळाऊच. एकलकोंडा असेल तर बाईला एकलकोंडी म्हणतो. माणूसघाणा, माणूसघाणी. हा शब्द मात्र बाई-पुरुष पाहून बदलत नाही.

बदलतो आपण. शहापूरकडची मंडळी मुरबाडला मुलगी पाहायला जातात. विचारतात, "पोर मनमिळाऊ हाय ना?" मुलाविषयी असे कोणी विचारलेले आम्ही तरी ऐकले नाही. त्याची जमीन विचारतात, नोकरी विचारतात.

लग्न होते. नवे घर, नवी माणसे. पोर चार दिवस गप्प असते. लगेच शेजारीण म्हणते, "माणूसघाणी हाय गो!" झाले. गोचीड उपटून काढता येते, हा शब्द निघत नाही. पोरीने मग कितीही राबावे, नाव तेच.

अहो, कमी बोलणे म्हणजे माणसांचा कंटाळा नव्हे. मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते. तिथे बैलांच्या बाजारात दलाल पाहा. काका, मामा करीत सर्वांशी गोड बोलतो. सौदा झाला की ओळख विसरतो. तो बोलका खरा, पण मनमिळाऊ नव्हे. उलट आमच्या पाहण्यातला एक ठाकूर गडी दिवसात दहा शब्द बोलत नसे. पण भातलावणीला ज्याच्याकडे माणूस कमी, त्याच्या बांधावर न बोलावता हजर. दोन दिवस लावणी करी आणि निघून जाई.

आता एक अवघड उदाहरण. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर टँकर येतो. रांगेत एक बाई मोठ्याने भांडते. कशासाठी? मागच्या बाळंतिणीचा हंडा आधी भरावा म्हणून. हिला भांडकुदळ म्हणाल की मनमिळाऊ? आम्ही तर मनमिळाऊ म्हणू. तुम्ही तुमचे ठरवा.

उद्या येताना या शब्दाची दोन वाक्ये लिहून आणा. त्यातले एक पुरुषावर हवे.