आमचे अण्णा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वडिलांविषयी चार शब्द बोला, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. वडील म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक करारी मूर्ती उभी राहते. नुसती खोकली तरी घर चिडीचूप! आमचे अण्णा त्यांतले नव्हते. ते घरात शिरले की गलका सुरू व्हायचा, आणि बहुधा तो त्यांनीच सुरू केलेला असायचा.

आम्ही सावंतवाडीचे. रुखवतातली लाकडी फळे, भातुकलीची रंगीत भांडी तिकडचीच, हे तुम्हांपैकी बऱ्याच जणींना ठाऊक असेल. अण्णा सुतारकाम आजोबांच्या हाताखाली शिकले. दारे-खिडक्या, देव्हारे, फणसाच्या लाकडाचे पाट ही पोटाची कामे. खेळणी हा जिवाचा छंद. खेळण्यांना लाकूड पांगाऱ्याचे. ते हलके आणि मऊ, पण ओलेपणी घडवले तर पुढे तडकते, म्हणून माळ्यावर महिनोन्‌महिने सुकत पडलेले असायचे. लाकूड गरगर फिरवायचे, त्याला लाखेची कांडी टेकवायची. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून अंगाला बसते. मग वरून केवड्याचे पान फिरवले की आरशासारखी चकाकी! मुलांनी भोवती उभे राहायचे आणि रंग कोणता ते ओरडून सांगायचे, असा अण्णांचा नियम.

गणपतीत आमच्याकडे माटवीला रानची फळे, काकड्या, नारळ बांधत. एका वर्षी अण्णांनी त्यांत एक हापूस आंबा टांगला, खऱ्या देठासकट. भाद्रपदात आंबा! भजनाला आलेली मंडळी आरती विसरून वर बघत राहिली. एका वृद्ध गृहस्थांनी तर विसर्जनानंतर तो प्रसाद म्हणून मागून नेला. दुसऱ्या दिवशी ते परत आले ते दाढेला हात लावूनच. आई आठवडाभर अण्णांशी बोलली नाही. मात्र पदर तोंडाशी धरून हसताना मी तिला पाहिले होते.

आता जे सांगायचे म्हणून मी उभी राहिले, ते सांगते. १९५६ साली माझी धाकटी बहीण तीन वर्षांची असताना तापाने फणफणली. ताप उतरला, पण डावा पाय लुळा पडला. पोलिओ. त्यावरची लस अमेरिकेत आदल्याच वर्षी आली होती. आमच्या आळीपर्यंत तिचे नावही पोचले नव्हते. (आपल्या देशातला शेवटचा रुग्ण २०११ सालचा, हे आठवले की मला त्या डोस पाजणाऱ्या बायांचे पाय धरावेसे वाटतात.) आजीने नवस बोलले. शेजारपाजारच्यांनी 'मुलीची जात, आता घरातच सांभाळा' असा सल्ला दिला. तीन दिवस अण्णा हसले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचे लाकूड खाली काढले.

त्यांनी केला पांगुळगाडाच, पण केवढा! पुढे तांबडेभडक आगगाडीचे इंजिन, वर धुराडे. आम्ही कोणीच आगगाडी पाहिलेली नव्हती. अण्णांनी ती कॅलेंडरावरच्या चित्रावरून घडवली. गाडा पुढे पळून पोर तोंडावर पडू नये म्हणून इंजिनाच्या पोटात त्यांनी दगड भरले होते. बहिणीचा तोल सावरू लागला, तसतसा एकेक दगड गुपचूप कमी होत गेला. आळीतली मुले 'एक फेरी दे ना' म्हणून तिच्या विनवण्या करीत. तिला कोणी बिचारी म्हटलेले मी तरी त्यानंतर ऐकले नाही.

पुढे कुबडी आली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. म्हणून अण्णा फक्त तिचे माप घेत आणि दाराच्या चौकटीवर खडूने रेघ ओढत. दसऱ्यानंतर शिवणीच्या लाकडाची नवी कुबडी तयार. मुठीपाशी एके वर्षी पोपट, दुसऱ्या वर्षी खार. 'औंदा काय?' हे ती भाद्रपदापासूनच विचारीत असे.

शाळेने तिला घेताना पायऱ्यांची अडचण सांगितली. अण्णांनी भांडण केले नाही. रविवारी जाऊन त्या पायऱ्यांना सागाचा कठडा बसवून आले, मजुरी न घेता. सोमवारी अडचण उरली नाही. तीच मुलगी पुढे तीस वर्षे मास्तरीण होती.

अण्णा १९८३ साली गेले. १९९८ साली कोकण रेल्वे मुंबईपर्यंत जोडली गेली, तेव्हा बहीण एकटी, काखेत कुबडी घेऊन, सावंतवाडीहून गाडीने माझ्याकडे आली. मी तिला उतरवून घ्यायला फलाटावर गेले होते. खाली उतरताच तिने आधी वळून इंजिनाकडे पाहिले आणि म्हणाली, 'ताई, अण्णांचं जास्त तांबडं होतं गं.'